यातून काय काढून टाकलंत?

क्षयरोगाच्या पोस्टरवर खाली उजव्या कोपऱ्यात छापलं होतं, 'शुभेच्छुक : समस्त मित्र परिवार'. वर फुफ्फुसांचं रंगीत चित्र, त्याखाली खोकला, ताप, वजन घटणं ही लक्षणं, कडेने झेंडूच्या माळांची नक्षी आणि तळाशी हे शुभेच्छुक. बुधवार पेठेतल्या छपाईवाल्याने कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सवरच क्षयरोग बसवला होता आणि जुनं पुसायचं विसरला होता. आमच्या नर्सिंग कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या चार मुली कडक इस्त्रीचे गणवेश घालून त्या पोस्टरशेजारी उभ्या होत्या. त्या पोस्टरला त्या वर्षीचं पहिलं बक्षीस मिळालं.

बक्षीस देणाऱ्यांपैकी कुणाला ते शुभेच्छुक दिसले नाहीत. मला दिसले, आणि मी ते भर सभागृहात मोठ्याने वाचून दाखवले. आमच्या प्राचार्या सरपोतदार मॅडम माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "शेलार मॅडम, शुभेच्छांना काय हरकत आहे? क्षयरोग्याला त्यांची गरज जास्त."

सगळे हसले. मी खाली बसले. पण त्या दिवशी तापलेलं माझं डोकं पुढे बरीच वर्षं निवलं नाही. दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या आठवणी लिहा असं सांगणं आलं, तेव्हा रुग्णसेवा, त्याग, पांढरा गणवेश असलं काहीतरी अपेक्षित असणार हे मला कळलं होतं. ते इतरांनी भरपूर लिहिलंय. मी त्या पोस्टरांचं लिहिते. माझं नाव जिथे लागायला हवं होतं तिथे ते लागलं नाही, आणि नंतर कसं लागलं, त्याची ही हकीकत आहे.

माझी आई मंडईत पालेभाजी विकायची. गिऱ्हाईक जुडी उचलतं, नाक मुरडतं, परत ठेवतं, पुढे जातं आणि मग वळतं. त्या वळण्याची वाट बघायला मी तिच्याकडून शिकले. बाकीचं माझं मी शिकले. नर्स व्हायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे बारावीनंतर थेट चार वर्षांची पदवी. दुसरा म्हणजे आधी डिप्लोमा, मग वॉर्डात नोकरी, आणि नोकरीतून वेळ काढून पुढची पदवी. या दुसऱ्या रस्त्याला 'पोस्ट बेसिक' म्हणतात. मी त्या रस्त्याने आले. पदव्या शेवटी तेवढ्याच होतात, पण कॉलेजात 'पोस्ट बेसिक' हे शब्द उच्चारताना लोकांचा आवाज किंचित खाली येतो, मागच्या दाराने आलेल्या पाहुण्याबद्दल बोलतात तसा. आमच्या विभागाच्या प्रमुखाची खुर्ची माझ्या नोकरीत दोनदा रिकामी झाली. दोन्ही वेळा तिच्यावर थेट पदवीवाली येऊन बसली. पहिलीला तर विभागातल्या कपाटांच्या किल्ल्या कुठे असतात ते मीच दाखवलं.

असो. पोस्टर.

बाहेरच्या माणसाला वाटतं की पोस्टर म्हणजे शाळेतलं विज्ञान प्रदर्शन. आमच्याकडे ते असं असतं. मुलीने एक विषय घ्यायचा, वस्तीत किंवा वॉर्डात त्यावर काम करायचं, त्यातलं सांगण्यासारखं ते एका मोठ्या कागदावर मांडायचं आणि त्याच्या शेजारी उभं राहायचं. परीक्षक फिरत फिरत तिच्यापाशी येतात. पाच मिनिटं तिने बोलायचं, मग प्रश्न. एवढंच. पण नर्सचं निम्मं काम हेच आहे. समोर माणूस उभा असतो, तो घाबरलेला किंवा घाईत असतो, डॉक्टर काय बोलून गेले ते त्याला कळलेलं नसतं, आणि आता ते त्याला समजेल असं सांगायची पाळी तुमची असते. लेखी परीक्षेत हे दिसत नाही, तिथे पाठांतर दिसतं. तोंडी परीक्षेला आम्ही वायवा म्हणतो. तिथे टेबलापलीकडे दोन परीक्षक आणि अलीकडे एकटी मुलगी. त्यात तिचं धैर्य दिसतं. ज्ञान दिसेलच असं नाही.

तरीही पोस्टरांना आमच्याकडे बक्षीस होतं, गुण नव्हते. गुण नसले की मुली मेहनत घेत नाहीत आणि परीक्षक वाचत नाहीत. मग शुभेच्छुक येतात.

त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या वर्गात वर्षा इंगळे होती. बुलढाण्याकडची मुलगी, वसतिगृहात राहणारी, मागच्या बाकावर बसणारी. कात्रजला एका वस्तीत आम्ही मुलींना घरभेटींसाठी नेत असू. बाकीच्या मुली दारात उभ्या राहून कागद भरायच्या. वर्षा आत जाऊन बसायची. तिला बायका स्वतःहून गोळ्यांचे पुडे आणून दाखवायच्या. तिने एका म्हातारीच्या पायाची जखम धुऊन पट्टी बांधली, ती मी जवळून पाहिली होती. वॉर्डातल्या जुन्या सिस्टरने बांधावी तशी ती पट्टी होती. आणि ही मुलगी वायवात एक शब्द बोलली नाही. टेबलाच्या कडेकडे बघत उभी राहिली आणि परत आली.

मी तिला जिन्यात गाठलं. "येत नव्हतं का?"

"येत होतं, मॅडम."

"मग?"

"विंग्रजीत इचारलं का सारं पुसून जाते. डोक्यात असते, पन तोंडातून निंगत नाही."

"दुसऱ्यांदाही असंच झालं ना?"

"हो. तिसऱ्यांदा बी होईन."

अंतर्गत परीक्षेत ठरावीक गुण पडले नाहीत, तर विद्यापीठाच्या परीक्षेला बसू देत नाहीत. वर्ष गेलं असतं तर तिची वसतिगृहातली जागा गेली असती. आणि जागा गेली की मुलीला गावी घेऊन येणार, असं तिच्या वडिलांनी मला फोनवर स्वच्छ सांगून टाकलं होतं. आमच्या शिक्षकांच्या खोलीत तिच्याबद्दल 'ढ आहे' असं ठरूनही गेलं होतं. मला 'ढ' हे अक्षर माणसाला लावलेलं सहन होत नाही. मी उठून सरळ प्राचार्यांच्या खोलीत गेले.

सरपोतदार मॅडम शनिवार पेठेतल्या. आवाज कधी चढवायच्या नाहीत, त्यांना त्याची गरज पडत नसे. मला अंतर्गत परीक्षेत पोस्टरला पंधरा गुण हवे होते. म्हणून मी तीस मागितले.

"आराशीला तीस गुण?" त्या म्हणाल्या. "मग रांगोळीला किती ठेवायचे?"

"पंचवीस ठेवा."

"रांगोळीला?"

"पोस्टरला."

"पाच."

मी पर्स उचलली, "राहू द्या मॅडम, आपला वेळ घेतला" म्हणाले आणि दाराकडे निघाले. हळू निघाले. कडीला हात लावला तेव्हा मागून आवाज आला, "बसा. दहा."

"पंधरा. आणि गुण कसे द्यायचे त्याचा तक्ता मी करते, आपण फक्त सही करायची."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "ठीक आहे. पण माझ्या अटी ऐका. बाहेरचा एक परीक्षक मी बोलावणार. तुम्ही दोघांनी वेगवेगळे गुण द्यायचे, एकमेकांशी चर्चा नाही. तुमचे आणि त्यांचे गुण जुळले नाहीत, तर हा प्रकार कायमचा बंद. आणि परीक्षा चालू असताना मुलींच्या मदतीला तुम्ही तोंड उघडायचं नाही. उघडलंत की त्या क्षणी बंद."

ही शेवटची अट माझा स्वभाव ओळखून घातलेली होती. मी ती मान्य केली, कारण मला माझी अट पुढे करायची होती. पुढे बंद झालं तरी या वर्षीचे गुण धरले जातील, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. वर्षाचं नाव मी काढलं नाही. ज्या वस्तूची गरज आहे ती पहिल्यांदा हातात धरायची नसते.

आता खरी अडचण. गुण ठेवले तरी मुली पोस्टर तयारच आणणार होत्या. म्हणून मी बुधवार पेठेत इक्बालभाईंच्या दुकानात गेले. वर्षभर मंडळांचे आणि वाढदिवसांचे फ्लेक्स, आणि परीक्षांच्या मोसमात आमच्यासारख्या कॉलेजांची पोस्टरं, असा त्यांचा धंदा. ते शुभेच्छुक त्यांचेच.

"इक्बालभाई, तुमच्या कॉम्प्युटरमधली जुनी पोस्टरं पुसून टाका."

"मॅडम, छापायला आलात की भांडायला?"

"दोन्ही."

"मग बसा. चहा सांगतो. उभ्याने भांडण नीट होत नाही."

चहा आला. मी सुरू केलं, की तुम्ही पोरींना आळशी करता, उद्या त्या इंजेक्शनही तयार विकत आणतील. ते शांतपणे ऐकत होते. दुकानात गिऱ्हाइकं येत होती, एका मंडळाचा कार्यकर्ता अध्यक्षांचा फोटो मोठा करा म्हणून त्यांच्या पाठी लागला होता.

"पुसून काय होणार?" इक्बालभाई म्हणाले. "माझ्याकडचं पुसलं, तर शेजारी आहे. शेजाऱ्याचं पुसलं, तर मोबाईलमध्ये आहे. मधुमेह, अशक्तपणा, स्तनपान, हात धुणे, सगळं तयार. पोरगी येते, विषय सांगते, मी नाव बदलतो. चहा गार व्हायच्या आत पोस्टर बाहेर."

"म्हणजे स्वतः बनवून आणणारी एकही येत नाही?"

"येतात की. त्या फार डोकं खातात. हे चित्र काढा, ती ओळ नको, हा रंग पुसा, नको, परत लावा. तयार घेणारी पोरगी कधी काही काढायला सांगत नाही बघा. भरलेलं ताट, जसं आहे तसं उचलायचं."

मी कप खाली ठेवला. कार्यकर्त्याला बाजूला सारून मी त्यांना तेच वाक्य पुन्हा बोलायला लावलं. मग घरी येऊन तक्ता केला.

तक्त्यात पाच रकाने होते, प्रत्येकाला तीन गुण. पहिला, पोस्टरचं मुख्य वाक्य खोलीच्या दारातून वाचता येतं का. याला मुली 'दाराचा नियम' म्हणू लागल्या. दवाखान्यात लोक पोस्टरपाशी जात नाहीत, रांगेत उभे असतात, तिथून वाचता आलं पाहिजे. दुसरा, हे नक्की कुणासाठी आहे. 'सर्वांसाठी' म्हणजे कुणासाठीच नाही. तिसरा, सांगितलेलं बरोबर आहे का, आणि ते कुठून घेतलं. चौथा, मुलगी त्याबद्दल तिच्या शब्दांत बोलते का. आणि पाचव्या रकान्यात एकच प्रश्न होता, 'यातून काय काढून टाकलंत, आणि का?'

नक्कल करणाऱ्याला पोस्टरवर काय आहे ते सांगता येतं. काय नाही ते फक्त बनवणाऱ्याला माहीत असतं. ज्याने विषय खरंच समजून घेतलाय त्याच्याकडे नेहमी कागदाला पुरणार नाही इतकं असतं, मग त्याला टाकावं लागतं, आणि टाकताना विचार करावा लागतो. मी तो तक्ता मुद्दाम मराठीत लिहिला. पाचव्या रकान्याखाली सूचना दिली, 'हा प्रश्न प्रत्येकीला जसाच्या तसा विचारावा.' सरपोतदार मॅडमनी सही करताना ती सूचना वाचली की नाही, मला माहीत नाही. सही मात्र झाली.

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले, नाशिककडचे एक वयस्कर डॉक्टर, सार्वजनिक आरोग्याचे प्राध्यापक. शर्टाची सगळी बटणं लावलेली, चेहरा तसाच. आम्ही दोघं आपापला तक्ता घेऊन फिरत होतो आणि आमच्या मागे सरपोतदार मॅडम हातांची घडी घालून.

पहिल्याच पोस्टरला माझा प्रश्न कामाला आला. अशक्तपणावरचं चकचकीत पोस्टर, डाळिंबं, बीट, पालक, सगळं ओतप्रोत. डॉक्टरांनी वाचून विचारलं, "यातून काय काढून टाकलंत?"

"काही नाही सर, सगळं ठेवलंय," मुलगी अभिमानाने म्हणाली.

"आलं कुठून एवढं?"

तिने शेजारणीकडे बघितलं. शेजारची पुटपुटली, "दुकानातून." डॉक्टरांनी पाचव्या रकान्यात शून्य लिहिलं. मीही लिहिलं. पुढे एका मुलीने सांगितलं, "मागचे फुगे काढायला सांगितले, सर. हिवतापात फुगे बरे दिसत नव्हते." तिला मी एक गुण दिला. खरं बोलली, आणि तिने पोस्टरकडे पाहिलं तरी होतं. हात धुण्यावर पोस्टर करणारी एक मुलगी म्हणाली, की तिने साबणाच्या जाहिरातीतलं गोरं बाळ काढलं, कारण वस्तीतल्या बायका बाळच बघत बसायच्या. तिला पुरे तीन. मला आनंद लपवता येईना. मी खिडकीबाहेर बघितलं.

वर्षाचं पोस्टर शेवटच्या ओळीत होतं. मधुमेह झालेल्यांनी पायांची काळजी कशी घ्यावी हा विषय. इतरांची पोस्टरं मांडव घातल्यासारखी सजलेली, आणि हिचं जवळजवळ पांढरं. मधोमध एक मोठा काळा बूट, सिक्युरिटी गार्ड घालतात तसला, आणि त्यात घातलेला एक हात. चित्र हाताने काढलेलं, इक्बालभाईंनी मोठं करून छापलेलं. वर एक वाक्य, 'बूट घालण्याआधी आत हात घालून बघा.' खाली छोटी चार चित्रं. रोज तळवा आरशात बघणारा माणूस, कोपराने पाण्याचा गरमपणा बघणारी बाई, सरळ कापलेली नखं, घरातही घातलेली चप्पल.

डॉक्टरांनी ते बघितलं आणि इंग्रजीत विचारलं, की मधुमेहात पायाची संवेदना का जाते.

वर्षाची नजर टेबलाची कड शोधायला खाली गेली. टेबल नव्हतं. तिचा हात पदराच्या पिनेशी गेला. मला उत्तर माहीत होतं, तिलाही माहीत होतं, आणि ते तिच्या घशात कुठे अडकलंय तेही मला दिसत होतं. एक शब्द मराठीत टाकला असता तर ती सुटली असती. मी मागे बघितलं. सरपोतदार मॅडम वर्षाकडे बघत नव्हत्या. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी पेनचं टोपण दातांत धरलं.

डॉक्टरांनी वाट पाहिली. मग त्यांनी चौथ्या रकान्यावर पेन टेकवलं, काही लिहिलं नाही, आणि पाचव्यावर आले. तक्त्यातलं वाक्य त्यांनी जसंच्या तसं वाचलं. "यातून काय काढून टाकलंत, आणि का?"

वर्षाने मान वर केली.

"सडलेल्या पायाचा फोटो काढून टाकला, सर."

"का? तो तर सगळे लावतात," डॉक्टर मराठीतच म्हणाले.

"मी बी आधी लावला होता. कात्रजच्या वस्तीत एक काका हायेत, गार्डची ड्यूटी करतात. त्यायले तो फोटो दाखवला, तं त्यायनं पाय खाटेखाली घेतले. मंग मी काय सांगतलं ते आयकलंच नाही. भेलेला माणूस आयकत नाही, सर. मले वायवात तसंच होते."

डॉक्टरांचं पेन थांबलं. सरपोतदार मॅडमनी पहिल्यांदाच माझ्या तोंडावरची नजर काढली.

"मग काय केलंस?"

"त्यायचा बूट मागतला. आत हात घातला तं खडा निंगाला. दिवसभर तेच घालून होते. त्यायले मालूमच नव्हतं. मंग मी फोटो फाडला अन् बूट चितारला."

"खडा टोचला कसा नाही त्यांना?"

आणि मग ती बोलली. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसा कशा मरतात, त्या पायाच्या बोटांपासून वर कशा मरत येतात, दुखत नाही म्हणून माणसाला बरं वाटतं आणि तेच कसं घातक असतं, हे तिने पोस्टरवरच्या बुटावर हात ठेवून सांगितलं. डॉक्टरांनी हाच प्रश्न आधी इंग्रजीत विचारला होता. पाच मिनिटं संपल्याची घंटा झाली तरी त्यांनी तिला थांबवलं नाही. शेवटी ते वळले, दारापर्यंत चालत गेले, तिथून पोस्टरकडे बघितलं आणि परत येऊन पहिला रकाना भरला.

संध्याकाळी प्राचार्यांच्या खोलीत दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवले गेले. सरपोतदार मॅडम एकेका नावावर बोट फिरवत गेल्या. कुठे अर्ध्याचा फरक, कुठे एकाचा, बऱ्याच ठिकाणी काहीच नाही. वर्षाच्या नावापाशी बोट थांबलं. डॉक्टरांनी चौदा दिले होते, मी तेरा.

"तुमच्या लाडक्या मुलीला तुम्ही एक कमी दिलात?"

"नखांचं चित्र लहान झालंय. दारातून काय, जवळूनही नीट कळत नाही."

"योगायोग छान जुळवता," त्या म्हणाल्या आणि सही केली. पोस्टरचे पंधरा गुण कायम झाले. वर्षा विद्यापीठाच्या परीक्षेला बसली आणि पास झाली. तिच्या वडिलांनी मला फोन करून एवढंच विचारलं, की ते बुटाचं चित्र काढायला तिला शिकवलं कुणी. मी म्हटलं, तुमच्या मुलीनेच.

इथे थांबले असते तर ही सुखाची गोष्ट होती. पण निघताना डॉक्टरांनी विचारलं होतं, "हा पाचवा प्रश्न कुणाचा?" आणि मी उत्तर द्यायच्या आत सरपोतदार मॅडम म्हणाल्या होत्या, "आमच्या कॉलेजचा."

पुढच्या वार्षिक अहवालात छापून आलं, 'प्राचार्यांच्या संकल्पनेतून पोस्टर मूल्यमापन'. तक्ता माझाच, शब्द न् शब्द. खाली माझं नाव नाही. मी अहवाल घेऊन खोलीत गेले आणि भांडले. "कॉलेजचं काम कॉलेजच्या नावावर जातं," असं शांत उत्तर मिळालं. त्याच सुमारास प्रमुखाची खुर्ची दुसऱ्यांदा रिकामी झाली आणि दुसऱ्यांदा भरली. मग मी निवृत्त झाले. शाल, नारळ आणि 'शिस्तप्रिय' हे विशेषण घेऊन घरी आले.

राग जात नव्हता. भाजी घेताना, बसमध्ये, दात घासताना मी मनात त्या खोलीत जाऊन पुन्हा पुन्हा भांडत असे, आणि मनातल्या भांडणात नेहमी जिंकत असे. त्याने काही होत नाही.

या वर्षी वर्षाचा फोन आला. ती आता पुण्यातल्याच दुसऱ्या एका कॉलेजात शिकवते. "मॅडम, इथे परिचर्या शिक्षकांची परिषद आहे. तुम्ही येऊन जा. तुमचं काम भिंतीवर लागलंय."

मी गेले. आता अशा परिषदांमध्ये शिक्षकही आपलं काम पोस्टरवरच मांडतात आणि शेजारी उभे राहतात. मी सभागृहाच्या दारात उभी राहून बघितलं, तर त्या भिंतीवरचं मला एकही अक्षर वाचता येईना. सगळीकडे बारीक मजकूर आणि रंगीत वर्तुळं. जवळ गेल्यावर एका पोस्टरवर दिसलं, 'पोस्टर-सादरीकरणाद्वारे मूल्यमापन : एक नवोपक्रम'. त्याखाली सरपोतदार मॅडमचं एकट्यांचं नाव. मधोमध माझा तक्ता, पाचही रकाने. आणि शेजारी स्वतः मॅडम, केस पांढरे झालेल्या, पाठ तशीच ताठ.

माझं डोकं तापलं. गेली कित्येक वर्षं तोंडपाठ केलेलं भाषण जिभेवर आलं. मी श्वास घेतला, तेवढ्यात माझ्या शेजारून वर्षा पुढे झाली. ती अजूनही हळू बोलते, पण आता थांबत नाही.

"मॅडम, एक विचारू?"

"विचारा की. त्यासाठीच उभी आहे."

"यातून काय काढून टाकलंत, आणि का?"

आजूबाजूला पाच-सहा शिक्षिका उभ्या होत्या. त्यांनी तक्त्यातला पाचवा रकाना वाचला आणि हसून मॅडमकडे बघितलं. सरपोतदार मॅडमनी आधी वर्षाकडे पाहिलं, ओळखलं. मग माझ्याकडे. मला वाटलं, एखादं कोरडं वाक्य टाकून निसटतील. त्यांना ते सहज जमलं असतं.

"एक नाव," त्या म्हणाल्या. "जागा पुरत नव्हती."

"जागा आहे," मी म्हणाले. "वर केवढी मोकळी आहे."

"पुढच्या वेळी आभारांत घालू."

"आज. आणि आभारांत नाही, वर."

"वर माझं नाव आहे, शेलार मॅडम."

"त्याच्या आधी बसेल."

"नंतर."

मी पर्स काखेला लावली आणि दाराकडे वळले. हळू वळले. मागून आवाज येईना. म्हाताऱ्या झाल्या तरी शिकल्या होत्या. मग मीच थांबले आणि मागे आले, कारण मला एक गोष्ट आठवली होती. मुलींना दाराचा नियम शिकवून शिकवून सवय लागलेली, माझ्या पर्समध्ये जाड काळा मार्कर असतो. अजूनही असतो.

"बरं, नंतर," मी म्हणाले. "पण मी लिहिणार."

त्यांनी एक पाऊल बाजूला सरकून वाट करून दिली. "लिहा. पाचव्या रकान्याचे मला किती देणार?"

"तीन. खरं बोललात."

मी त्यांच्या छापील नावानंतर, त्या चकचकीत कागदावर, 'सुमन शेलार' असं लिहिलं. शेजारचं अक्षर बघून लिहिलं नाही, दाराकडे बघून लिहिलं. मार्करला झाकण लावलं, वर्षाला बरोबर घेतलं आणि सभागृहाच्या दारापर्यंत चालत गेले. तिथे वळून बघितलं.

त्या अख्ख्या भिंतीवरचं तेवढंच वाचता येत होतं.